शाळेच्या ताटात कोणता मासा? पालकांनी सुरुवात खरेदीच्या कागदापासून करावी

शाळेच्या जेवणात शाश्वत मासेमारीतून आलेला मासा असावा, असं ठरवलं की पालकांचा गट सहसा आधी पोस्टर लावतो, समुद्र वाचवण्यावर भाषण ठेवतो आणि मुख्याध्यापकांना निवेदन देतो. शाळा आनंदाने होकार देते आणि पुढच्या महिन्यात ताटात तोच जुना मासा येतो. कारण साधं आहे. मासा कोणता यायचा हे पुरवठादाराला दिलेल्या मागणीपत्रावर ठरतं. त्या कागदावर फक्त ‘मासा, साफ केलेला, ३० किलो’ एवढंच लिहिलेलं असेल, तर बाकी सगळी चर्चा वाऱ्यावर जाते. म्हणून या लेखाचा भर त्या कागदावर आणि स्वयंपाकघरात त्या माशाचं पुढे काय होतं यावर आहे.

मासा खाणंच बंद करावं का, हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) २०२५ मध्ये जगभरातल्या माशांच्या साठ्यांचा (साठा म्हणजे समुद्राच्या एका भागात असलेले एका जातीचे सगळे मासे) आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार ३५.५ टक्के साठ्यांवर अतिमासेमारी होते आहे आणि ६४.५ टक्के साठे टिकतील अशा पातळीवर आहेत. म्हणजे निवडीला भरपूर वाव आहे. एकाच जातीचा एका समुद्रातला साठा धडधाकट आणि दुसऱ्या समुद्रातला डबघाईला आलेला असू शकतो, त्यामुळे निवड मात्र डोळसपणे करावी लागते.

आधी माहिती, मग मागणी

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहीही मागू नका, फक्त विचारा. खरेदी कोण करतं? शाळेचं स्वतःचं स्वयंपाकघर, बाहेरचा कंत्राटदार, की अनेक शाळांना जेवण पाठवणारं मध्यवर्ती स्वयंपाकघर? शाळा स्वतः खरेदी करत असेल तर बदल महिनाभरात होऊ शकतो. कंत्राटदार असेल तर करार कधी संपतो ही तारीख सगळ्यांत महत्त्वाची. करार चालू असताना अटी बदलायला कंत्राटदार सहसा तयार नसतो, पण नव्या निविदेचा मसुदा तयार होत असताना दोन ओळी घालून घेणं सोपं जातं. त्या तारखेच्या चार ते सहा महिने आधी कामाला लागा. मध्यवर्ती स्वयंपाकघर असेल तर एकट्या शाळेच्या पालकांना दाद मिळणं अवघड, तिथे आणखी दोन-तीन शाळांच्या पालकांना बरोबर घ्यावं लागतं.

गट पाच-सहा जणांचा पुरे. त्यात एखादा स्वयंपाकाच्या धंद्यातला आणि एखादा हिशेबाला पक्का माणूस असला तर उत्तम. मुख्याध्यापकांच्या आधी किंवा निदान त्याच आठवड्यात मुख्य आचाऱ्यांना भेटा. फ्रीझर किती मोठा आहे, कोणता मासा मुलं टाकून देतात, कोणत्या दिवशी कामाला माणसं कमी असतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांना डावलून आलेली कोणतीही योजना दोन आठवड्यांत गुंडाळली जाते आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

शाळेला द्यायचं पत्र अर्ध्या पानाचं असावं. साधारण असं:

‘माननीय मुख्याध्यापक, शाळेच्या जेवणातील माशांबद्दल पालकांना पुढील माहिती हवी आहे. गेल्या तीन महिन्यांत कोणकोणते मासे आले? प्रत्येकाचं शास्त्रीय नाव, समुद्रातून धरलेला की शेतीतला, कोणत्या भागातून आणि कोणत्या पद्धतीने धरलेला, ताजा की गोठवलेला, दर वेळी किती किलो आणि किती ताटांसाठी? पुरवठादाराकडे यातील जी माहिती नसेल तिथे तसं लिहिलं तरी चालेल. ही माहिती तक्रारीसाठी नव्हे, पुढच्या खरेदीत मदत करता यावी म्हणून हवी आहे.’

‘नसेल तिथे तसं लिहिलं तरी चालेल’ हे वाक्य गाळू नका. त्याशिवाय पुरवठादार एक तर गप्प बसतो नाहीतर मनाने काहीतरी भरून देतो. रिकाम्या जागा किती आहेत, हीच तुमची पहिली खरी माहिती.

बिलावरचं नाव पुरेसं का नसतं

‘ट्यूना’ हा शब्द घ्या. बिलावर ट्यूना लिहिलं असेल तर आत स्किपजॅक असू शकतो, शास्त्रीय नाव कात्सुवोनस पेलामिस. हा लहान, लवकर वयात येणारा, भराभर वाढणारा मासा. किंवा आत बिगआय असू शकतो, थुन्नस ओबेसस. हा मोठा, जास्त वर्षं जगणारा, मासेमारीचा ताण लवकर जाणवणारा आणि अंगात पारा जास्त साठवणारा. डबा दिसायला सारखाच. ‘व्हाइट फिश’ किंवा ‘फिश फिलेट’ याला तर काहीच अर्थ नाही, त्यात कुठलाही पांढऱ्या मांसाचा मासा बसतो. साल काढून तुकडे केलेला मासा डोळ्यांनी ओळखणं मुरलेल्या माणसालाही कठीण जातं आणि महागाच्या जागी स्वस्त मासा खपवण्याचे प्रकार जगभर याच टप्प्यावर होतात.

म्हणून मागणीपत्रात पाच गोष्टी हव्यात: बाजारातलं नाव, शास्त्रीय नाव, समुद्रातला की शेतीतला, कुठून आणि कशाने धरला. ही मागणी अवास्तव नाही. युरोपीय संघात २०१३ च्या कायद्यानुसार किरकोळ विक्रीतल्या बहुतेक ताज्या आणि गोठवलेल्या माशांवर ही माहिती द्यावीच लागते. पुरवठादार ‘एवढं कोणी विचारत नाही’ म्हणाला तर हे सांगता येतं.

‘कुठून’साठी एफएओचे क्षेत्र क्रमांक वापरले जातात. जगातले समुद्र आकड्यांत वाटलेले आहेत. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ५१ म्हणजे पश्चिम हिंदी महासागर, ६१ वायव्य पॅसिफिक, ६७ ईशान्य पॅसिफिक. खोक्यावर नुसतं देशाचं नाव असेल तर तो मासा तिथे फक्त कापून भरलेला असू शकतो. धरला कुठे, हे त्या नावावरून कळत नाही.

‘कशाने’ हा प्रश्न पालकांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो, पण निम्मं उत्तर त्यातच असतं. गळ आणि काठीने एकेक मासा धरला की नको असलेले जीव जवळजवळ येतच नाहीत. पर्ससीन जाळं एकाच जातीच्या थव्याभोवती टाकलं तर बऱ्यापैकी नेमकं असतं, पण मासे जमवण्यासाठी तरंगती साधनं सोडून त्यांच्याभोवती टाकलं तर त्यात लहान ट्यूना आणि मुशीही सापडतात. तळ खरवडत नेलेलं ट्रॉल जाळं तळावरचं जीवन उद्ध्वस्त करू शकतं, विशेषतः प्रवाळ आणि स्पंजांच्या भागात. वाळूच्या, नेहमी ढवळल्या जाणाऱ्या तळावर त्याचं नुकसान कमी असतं. लांब दोरांना हजारो गळ लावून केलेल्या मासेमारीत समुद्री पक्षी आणि कासवं अडकतात, मात्र त्यावर उपाय निघालेले आहेत आणि चांगले मच्छीमार ते वापरतात. तेव्हा ‘ट्रॉल वाईट, गळ चांगला’ असं एका ओळीत उरकू नका. पद्धत आणि जागा एकत्र पाहा.

कोणते मासे आधी सुचवावेत

सुरुवात लहान माशांपासून करावी, असं आमचं ठाम मत आहे. तारली, बांगडा, हेरिंग, अँचोव्ही हे अन्नसाखळीत खालच्या पायरीवरचे, लवकर वाढणारे, पारा कमी आणि ओमेगा-३ भरपूर असलेले मासे. सहसा परवडतातही. यांचे साठे मात्र समुद्राचं तापमान बदललं की झपाट्याने वरखाली होतात, म्हणून एकाच जातीवर सगळा भार टाकू नये.

शिंपले आणि कालवं यांची शेती ही पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत कमी खर्चाची. त्यांना खाद्य घालावं लागत नाही, पाणी गाळून ती आपलं अन्न मिळवतात. मात्र पाण्यात जे असेल ते तीही घेतात, त्यामुळे तपासणी होत असलेल्या पाण्यातलाच माल घ्यावा. शाळेत कच्चं कालव कधीच नको.

शेतीतल्या माशांत तिलापिया आणि कार्प हे बहुतांशी वनस्पतीजन्य खाद्यावर वाढतात. सालमन आणि ट्राउटच्या खाद्यात माशांची पूड व तेल लागतं, म्हणून तिथे खाद्य कुठून येतं हे विचारावं. कोळंबीच्या शेतीसाठी कित्येक ठिकाणी खारफुटी तोडली गेली आहे, कोळंबी घ्यायचीच असेल तर प्रमाणपत्राचा आग्रह धरा.

टाळायच्या यादीत मुशी, तलवार मासा, मार्लिन, किंग मॅकरेल, बिगआय ट्यूना आणि ऑरेंज रफी. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन पाऱ्यामुळे हे मासे मुलांना देऊ नका असं सांगतं. यातले बरेचसे सावकाश वाढणारे किंवा उशिरा वयात येणारे असल्यामुळे मासेमारीच्या ताणातून सावरायलाही वेळ घेतात. म्हणजे आरोग्य आणि समुद्र या दोन्ही कारणांनी नाव एकच निघतं आणि शाळेला पटवणं सोपं होतं. त्याच सल्ल्यात कमी पाऱ्याचा मासा मुलांना आठवड्यातून दोनदा द्यावा असं म्हटलं आहे. एका वेळचं प्रमाण ४ ते ७ वर्षांसाठी साधारण ५५ ग्रॅम, ८ ते १० वर्षांसाठी ८५ ग्रॅम आणि ११ व्या वर्षी ११० ग्रॅम.

लेबल: किती विश्वास, कुठे थांबायचं

समुद्रातल्या माशांसाठी सर्वांत परिचित खूण म्हणजे मरीन स्टीवर्डशिप कौन्सिलची (एमएससी) निळी. ही संस्था १९९७ मध्ये सुरू झाली. साठा निरोगी आहे का, परिसंस्थेवर परिणाम किती आणि व्यवस्थापन कसं, या तीन गोष्टी स्वतंत्र तपासनीस पाहतात. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं आणि दरवर्षी फेरतपासणी होते. शेतीतल्या माशांसाठी ॲक्वाकल्चर स्टीवर्डशिप कौन्सिलची (एएससी) हिरवी खूण आहे. लेबल नसलेल्या माशांसाठी मॉन्टेरी बे ॲक्वेरियमचा ‘सीफूड वॉच’ उपक्रम हिरवा, पिवळा, लाल अशी वर्गवारी देतो. त्यातही जात, जागा आणि पद्धत माहीत असल्याशिवाय योग्य ओळ सापडत नाही.

दोन गोष्टींत गफलत होते. पहिली, लेबल नाही म्हणजे मासा वाईट, हे खरं नाही. प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रं छोट्या मच्छीमारांना झेपत नाहीत. त्यांचा मासा उत्तम असू शकतो, फक्त तिथे वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं तुम्हाला स्वतः मिळवावी लागतील. दुसरी, प्रमाणित मासा विकत घेतला म्हणून शाळेला ती खूण मेनूवर छापता येत नाही. त्यासाठी स्वयंपाकघर चालवणाऱ्याकडे पुरवठा साखळीचं प्रमाणपत्र आणि चिन्ह वापरण्याचा परवाना लागतो. उत्साहाच्या भरात फलकावर निळी खूण चिकटवली आणि मग काढावी लागली, की विरोधकांच्या हाती आयतंच कोलीत मिळतं. पुरवठादाराने प्रमाणित असल्याचा दावा केला तर त्याचा ‘एमएससी-सी’ने सुरू होणारा साखळी क्रमांक मागा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. तो क्रमांक बिलावर किंवा डिलिव्हरी चलनावरही असायला हवा, नुसत्या माहितीपत्रकावर असून भागत नाही.

‘डॉल्फिन सेफ’, ‘नैसर्गिक’, ‘जबाबदारीने धरलेला’ या शब्दांवर विसंबू नका. पहिला एका प्राण्यापुरता आहे, उरलेल्या दोनमागे बहुधा कोणतीही तपासणी नसते. जवळच्या किनाऱ्यावरचा मासाही आपोआप शाश्वत ठरत नाही. अंडी घालण्याआधीच धरलेला लहान मासा तुमच्या दाराशी पकडलेला असला तरी नुकसान तेच.

करारात काय लिहायचं

अटी थोड्या आणि तपासता येतील अशा ठेवा. ‘पुरवठादाराने शक्यतो शाश्वत मासे पुरवावेत’ हे वाक्य म्हणजे नुसती शोभा. त्याऐवजी असं लिहा:

‘प्रत्येक खेपेच्या चलनावर माशाचं बाजारातलं नाव, शास्त्रीय नाव, उत्पादनाचा प्रकार, एफएओ क्षेत्र आणि मासेमारीची पद्धत असेल. सोबतच्या टाळायच्या यादीतील जाती पुरवल्या जाणार नाहीत. ठरलेली जात उपलब्ध नसल्यास पर्यायी यादीतील जात, किमान दोन दिवस आधी लेखी कळवून, पुरवता येईल. वजन बर्फाचं आवरण वगळून मोजलं जाईल. चलनावर माहिती नसलेली खेप परत करण्याचा अधिकार शाळेला राहील.’

यातलं तिसरं वाक्य सर्वांत कामाचं. मेनूवर ‘बुधवारी अमुकच मासा’ असं छापलं की पुरवठादार तो कुठूनही पैदा करतो, मासेमारी बंद असलेल्या काळातही. मेनूवर ‘आजचा मासा’ लिहा आणि मागे तीन-चार मान्य जातींची यादी ठेवा. पुरवठादाराला मोकळीक मिळते, त्या त्या हंगामात मुबलक असलेला मासा येतो आणि दरही आटोक्यात राहतो.

गोठवलेल्या माशाला नाकं मुरडू नका. धरल्यावर लगेच गोठवलेला मासा चार दिवस बर्फावर प्रवास केलेल्या ‘ताज्या’पेक्षा बहुतेक वेळा चांगला असतो, नासाडी कमी होते आणि बंदीच्या काळातही साठा हाताशी राहतो.

वजनाचा हिशेब, आणि बर्फाची मेख

‘शाश्वत मासा महाग पडतो’ ही तक्रार येईल तेव्हा दर किलोवर वाद घालू नका, दर ताटावर घाला. समजा ३०० मुलं आहेत आणि प्रत्येकाला शिजलेला ६० ग्रॅम मासा द्यायचा आहे. शिजताना वजन साधारण पाव भागाने घटतं, म्हणजे कच्चा ८० ग्रॅम, एकूण २४ किलो साफ केलेलं मांस. अख्खा मासा आणला तर डोकं, काटे, पोटातलं वगळून ४० ते ५० टक्केच हाती येतं, म्हणजे पन्नास-साठ किलो आणावा लागेल आणि तो साफ करायला माणसं लागतील.

गोठवलेल्या तुकड्यांवर कोरडे पडू नयेत म्हणून पाण्याचा पातळ थर गोठवतात. थोडा थर हवाच, पण तो वजनाच्या २० टक्के असेल आणि तुम्ही २४ किलो ‘मासा’ म्हणून घेतला, तर हातात १९.२ किलो येतो. ताटात शिजून पडतात ४८ ग्रॅम. म्हणून एक चाचणी आचाऱ्यांसोबत करून ठेवा. एक पाकीट फोडून गोठलेल्या अवस्थेत तुकड्यांचं वजन करा. चाळणीत घेऊन थंड पाण्याची हलकी धार सोडा, बोटाला बर्फाचा गुळगुळीत थर लागेनासा झाला की थांबा. आतला मासा वितळू द्यायचा नाही. दोन मिनिटं निथळा, पुन्हा वजन करा. १००० ग्रॅमचे ८०० झाले तर पाचवा हिस्सा पाणी आहे. पाकिटावर निव्वळ वजन १००० लिहिलं असेल, तर तोंडाला पानं पुसली गेली आहेत. अशी दोन-तीन पाकिटं मोजून फोटोसह नोंद ठेवली की दराची चर्चा वेगळ्याच सुरात होते.

आधीच पीठ लावलेले फिश फिंगर, फिश बॉल येत असतील तर घटकांच्या यादीत माशाची टक्केवारी पाहा. ६० टक्के मासा असलेल्या १०० ग्रॅम फिंगरमध्ये मासा ६० ग्रॅमच, बाकी पीठ, तेल आणि पाणी. शाळेतच वड्या केल्या तर पुष्कळदा जास्त मासा त्याच खर्चात बसतो.

मुलांनी खाल्लं तरच उपयोग

जात बदलली आणि मुलांनी ताटात टाकून दिली, तर शाळा महिन्याभरात मागे फिरते. नवी चव स्वीकारायला लहान मुलांना ती आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. पहिल्या दोन खेपांवरून निकाल लावायचा नाही. सुरुवातीला पूर्ण वाढणी न देता चवीपुरता छोटा तुकडा नेहमीच्या जेवणासोबत द्या.

मुलं तीन कारणांनी मासा टाकतात: काटे, वास आणि कोरडेपणा. काट्यांसाठी लहान मुलांना मांस सोडवून, बोटांनी दोनदा चाचपून, बटाटा किंवा भातात मळून केलेल्या वड्या द्याव्यात. डब्यातल्या तारलीचे काटे शिजून मऊ झालेले असतात, ते कुस्करले जातात आणि त्यातलं कॅल्शियमही मिळतं. वास हा बहुधा शिळेपणाचा असतो. समुद्री माशातल्या एका घटकापासून जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात आणि तो वास नाकात जातो. लिंबू किंवा व्हिनेगर त्याला बांधून ठेवतं म्हणून वास दबतो, पण मूळ मासा शिळा असेल तर लिंबाने काही होत नाही. तिसरं, कोरडेपणा. शाळेत मासा शिजून दीड तास गरम पेटीत राहतो आणि त्याचा पुठ्ठा होतो. दोन पाळ्यांत शिजवा, गरम ठेवण्याचा वेळ २० ते ३० मिनिटांवर जाऊ देऊ नका, किंवा रश्शातला पदार्थ निवडा. रस्सा हे सहन करतो, तळलेला तुकडा करत नाही.

परिणाम मोजायला सोपी पद्धत आहे. सलग तीन खेपांना माशाचा उरलेला भाग वेगळ्या बादलीत टाकायला लावा, वजन करा आणि वाढलेल्या वजनाने भागा. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वाया जात असेल तर आधी पाककृती बदला, माशाची जात नंतर. क्रम उलटा केला तर चांगला मासा उगाच बदनाम होतो.

सुरक्षितता: इथे सवलत नाही

ताजा मासा उतरवताना ० ते ४ अंश सेल्सियसच्या आत हवा, गोठवलेला उणे १८ किंवा त्याहून थंड. वितळवायचा तो फ्रिजमध्ये रात्रभर, कोमट पाण्यात नाही. निर्वात पाकीट असेल तर वितळवण्याआधी कापून उघडा. हवा नसलेल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू थंडाव्यातही वाढू शकतात. शिजवताना तुकड्याच्या मधोमध ६३ अंश गाठले पाहिजेत, त्यासाठी सुईचा थर्मामीटर लागतो. शाळेकडे नसेल तर पालकांच्या गटाने द्यायची ही सर्वांत उपयोगी भेट.

बांगडा, तारली, ट्यूना या जातींत आणखी एक धोका आहे. मासा थोडा वेळ जरी उबदार राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून, तळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. जेवणानंतर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर चट्टे उठतात, डोकं दुखतं, मळमळतं. दिसायला ही ॲलर्जीच वाटते. एकाच वेळी अनेक मुलांना असं झालं तर संशय हिस्टामिनचा घ्या, उरलेला मासा फेकू नका, तपासणीसाठी थंड ठेवा आणि मुलांना लगेच डॉक्टरांकडे न्या. लहान तेलकट मासे सुचवत असाल तर थंड साखळीच्या नोंदी पाहण्याची जबाबदारीही तुमच्यावर येते.

ॲलर्जीची यादी करताना मासे, कोळंबी-खेकडे आणि शिंपले-माकूल असे तीन वेगळे रकाने ठेवा. माशाची ॲलर्जी असलेल्या मुलाला कोळंबी चालू शकते आणि उलटही. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, आचाऱ्यांनी ताडायचं नाही. पर्यायी जात आली की त्या दिवशीच्या फलकावर तिचं नाव लिहिलंच पाहिजे. मासे न खाणाऱ्या मुलांसाठी वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा डाव, आणि तोलामोलाचा दुसरा पदार्थ. त्यांच्या ताटात नुसता भात-भाजीचा उरलेला घास आला तर पालकांचा विरोध तिथून सुरू होतो आणि तो रास्तही असतो.

नंतरची देखरेख

दर तिमाहीला एक पालक आणि एक शिक्षक यांनी तासभर बसून चलनं पाहावीत. कोणत्या जाती आल्या, किती चलनांवर पाचही माहिती होत्या, किती वेळा पर्यायी मासा आला, वाया किती गेला. चार आकडे एका पानावर लिहून शाळेला आणि आचाऱ्यांना द्या. पहिल्या तिमाहीत निम्म्या चलनांवर माहिती अपुरी असेल, त्यावरून आरडाओरडा करू नका. पुरवठादारालाही ती त्याच्या मागच्या व्यापाऱ्याकडून मिळवावी लागते. दुसऱ्या तिमाहीतही तेच राहिलं तर खेप परत करण्याचं कलम एकदा वापरा, कागदोपत्री आणि शांतपणे.

साठ्यांची स्थिती बदलते, म्हणून मान्य जातींची यादी वर्षातून एकदा तपासायची. गेल्या वर्षी हिरव्या रकान्यात असलेला मासा यंदा पिवळ्यात गेला असेल तर त्याचा वाटा कमी करा, लाल झाला असेल तर काढा. ही फेरतपासणी नव्या निविदेच्या आधीच्या महिन्यात ठेवा, म्हणजे बदललेली यादी थेट करारासोबत जोडता येते. पुरवठादार बदलला तर पहिल्या दोन खेपांना बर्फाची चाचणी पुन्हा करायची.